रेणूची साखळी आणि यंत्रमानवाचा हात : मार्गनियोजन पद्धतींची एक चिकित्सा

सारांश : यंत्रमानवाच्या हालचालींचे नियोजन करण्यासाठी विकसित झालेल्या गणिती पद्धती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रथिनांची रचना व हालचाल अभ्यासण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. प्रस्तुत लेखात या उपयोजनाची चिकित्सा केली आहे. साखळीच्या भूमितीपुरते हे साम्य खरे व फलदायी आहे. परंतु यंत्रमानवशास्त्रातील 'मार्ग' ही कल्पना रेणूला जशीच्या तशी लावली असता ती दिशाभूल करते, असे येथील प्रतिपादन आहे.

बीजशब्द : विन्यास अवकाश, पीळकोन, रामचंद्रन आलेख, वळसा-जोडणी, मार्गजाल, प्रथिनांची घडी.

प्रस्तावना

कारखान्यात वेल्डिंग करणारा यंत्रमानव म्हणजे वस्तुतः एक हात असतो. खांदा, कोपर, मनगट अशा क्रमाने साधारणतः सहा सांधे, सांध्यांच्या मध्ये न वाकणारे दुवे आणि टोकाला हत्यार. सांध्यांचे सहा कोन सांगितले की हाताची संपूर्ण स्थिती सांगून होते. प्रथिनाचा रेणूही अशाच एका साखळीचा बनलेला आहे. अणूंमधील बंधांची लांबी आणि लगतच्या दोन बंधांमधील कोन जवळजवळ ठरलेले असतात. साखळीचा आकार बदलतो तो काही बंधांभोवती पडणाऱ्या पिळामुळे. प्रत्येक अमिनो आम्लामागे मुख्य साखळीत असे दोन पीळकोन मोकळे असतात, त्यांना फाय आणि साय अशी नावे आहेत. म्हणजे १०० अमिनो आम्लांचे प्रथिन हा सुमारे २०० सांध्यांचा हात झाला.

एवढे साम्य दिसल्यावर एका शास्त्रातील हत्यारे दुसऱ्या शास्त्रात नेण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जाँ-क्लोद लातोंब आणि त्यांच्या भोवतीचे संशोधक यात अग्रेसर होते. लातोंब यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या एका लेखाच्या शीर्षकातच यंत्रमानव, रेणू आणि संगणकीय नट यांना एकाच प्रवासाचे सहप्रवासी ठरविले आहे. पुढील दोन दशकांत या विचाराचा बराच विस्तार झाला. अल-ब्लुवी, सिमेओं व कोर्तेस यांचा २०१२ मधील आणि शेहू व प्लाकू यांचा २०१६ मधील आढावा हे त्याचे विश्वसनीय दस्तऐवज होत. या आढाव्यांचा भर पद्धतींच्या वर्गीकरणावर आहे. प्रस्तुत लेखकास मात्र एका वेगळ्या प्रश्नात रस आहे. 'रेणू हा यंत्रमानव आहे' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, आणि त्यातील किती भाग टिकतो?

विन्यास अवकाश आणि मद्रासचा नकाशा

यंत्रमानवशास्त्राने दिलेली सर्वांत मूलभूत कल्पना म्हणजे विन्यास अवकाश. टॉमस लोझानो-पेरेझ यांच्या १९८३ मधील शोधनिबंधाने ती या शास्त्रात रुजवली. खोलीतून टेबल बाहेर काढायचे असेल तर टेबलाचा आकार आणि दाराचा आकार दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात. त्याऐवजी टेबलाची प्रत्येक स्थिती हा एका अमूर्त अवकाशातील एक बिंदू मानला, तर टेबल बिंदूएवढे होते आणि अडथळे त्या प्रमाणात फुगतात. ज्या स्थितीत टेबल भिंतीला टेकते ते बिंदू निषिद्ध, उरलेले मोकळे. मग प्रश्न एवढाच राहतो की, मोकळ्या प्रदेशातून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाता येते काय.

हे वाचताना जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक परिचित चित्र आठवले पाहिजे. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन, चं. रामकृष्णन आणि वि. शशिशेखरन यांनी एका लहानशा पेप्टाइड तुकड्याचे फाय व साय हे कोन क्रमाने फिरवत नेले आणि प्रत्येक स्थितीत न जोडलेल्या अणूंमधील अंतरे तपासली. दोन अणू किमान अंतराच्या आत शिरले की ती स्थिती बाद. उरलेल्या स्थितींचा जो नकाशा तयार झाला तो रामचंद्रन आलेख होय. एक अक्ष फाय, दुसरा साय, मधे मान्य स्थितींची काही बेटे आणि सभोवती निषिद्ध स्थितींचा विस्तीर्ण प्रदेश. आल्फा सर्पिल आणि बीटा पट्टी या दोन प्रमुख रचना नेमक्या त्या बेटांवर येतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा आलेख म्हणजे दोन सांध्यांच्या हाताचा विन्यास अवकाशच आहे, आणि तो लोझानो-पेरेझ यांच्या निबंधाच्या २० वर्षे आधी काढलेला आहे. सांध्यांचे कोन हेच निर्देशक, अणूंची टक्कर हाच अडथळा, आणि मोकळा प्रदेश हाच निष्कर्ष. 'यंत्रमानवशास्त्राचे रेणुविज्ञानातील उपयोजन' हे वर्णन म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीने अपुरे वाटते. आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांत हा आलेख परीक्षेत काढून दाखविण्याची आकृती म्हणून शिकवला जातो. त्यामागे टक्कर-तपासणीची एक संपूर्ण रीत आहे, आणि अभियांत्रिकीच्या इमारतीत तीच रीत वेगळ्या नावाने शिकवली जात असते, याची वार्ता दोन्हीकडील विद्यार्थ्यांना सहसा नसते.

या नकाशातील आणखी एक बाब चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी किमान अंतराची एकच मर्यादा धरली नाही. एक नेहमीची मर्यादा आणि दुसरी टोकाची मर्यादा, अशा दोन मर्यादा त्यांनी वापरल्या, आणि म्हणून नकाशावर पूर्ण मान्य प्रदेशाभोवती अंशतः मान्य असा किनारा दिसतो. यंत्रमानवासमोरची भिंत भिंतच असते. तिच्यात थोडे घुसता येत नाही. अणूंची भिंत मऊ असते. आत शिरावे तितकी ऊर्जेची किंमत वाढत जाते, इतकेच. १९६३ च्या कामात ही जाणीव स्पष्ट दिसते. पुढे यंत्रमानवशास्त्राच्या मार्गाने रेणूंकडे आलेल्यांना 'अडथळा' या शब्दाच्या जागी 'ऊर्जा' हा शब्द घालण्याचे काम नव्याने करावे लागले.

वळसा-जोडणी : जेथे साम्य खरे ठरते

प्रथिनांच्या स्फटिकचित्रणात काही भाग धूसर येतात. सर्पिले आणि पट्ट्या यांना जोडणारे लवचिक वळसे हे बहुधा असे भाग असतात. वळशाची दोन्ही टोके ठाऊक असतात, मधली साखळी ठाऊक नसते. प्रश्न असा की, दोन्ही टोके जागेवर ठेवून मधले पीळकोन कोणते असू शकतील? यंत्रमानवशास्त्रात हाच प्रश्न व्यस्त शुद्धगतिकी या नावाने प्रसिद्ध आहे. हाताचे टोक अमुक ठिकाणी अमुक दिशेने पोहोचले पाहिजे, तर सांध्यांचे कोन सांगा.

अवकाशात एखाद्या वस्तूचे स्थान आणि दिशा निश्चित करण्यास सहा संख्या लागतात. त्यामुळे सहा सांधे असले की उत्तरे मोजकी उरतात, आणि सहा फिरत्या सांध्यांच्या हाताला जास्तीत जास्त १६ उत्तरे असू शकतात हे सिद्ध झालेले आहे. तीन अमिनो आम्लांचे सहा पीळकोन घेतले की वळशाचा प्रश्नही तेथेच येऊन थांबतो. कुट्सियास, सोक, जेकबसन आणि डिल यांनी २००४ मध्ये तो १६ घातांच्या एका बहुपदीत उतरविला. येथे उपमा राहतच नाही. दोन्हीकडे समीकरण एकच आहे, फक्त एकीकडे पोलाद आहे आणि दुसरीकडे कार्बन व नायट्रोजन.

या समीकरणाचा पूर्वेतिहासही नोंदविण्यासारखा आहे. नोबुहिरो गो आणि हॅरोल्ड शेरागा यांनी साखळीरेणूंच्या वलय-जोडणीचा प्रश्न १९७० मध्येच मांडून सोडविला होता, आणि तो रसायनशास्त्राच्या अंगाने. याउलट कॅनुटेस्कू व डनब्रॅक यांनी २००३ मध्ये वापरलेली चक्रीय पद्धत मात्र उघडपणे यंत्रमानवशास्त्रातून उचललेली आहे. तिच्यात एका वेळी एकच कोन असा फिरवायचा की मोकळे टोक लक्ष्याच्या शक्य तितके जवळ यावे, मग पुढचा कोन, मग त्यापुढचा. ही रीत साधी आणि जलद आहे. तिचा दोष एवढाच की, आधी फिरणारे कोन मोठा वाटा उचलतात आणि नंतरच्यांच्या वाट्याला किरकोळ दुरुस्ती येते. यंत्रमानवाला याने काही फरक पडत नाही, कारण त्याला कोणतेही एक उत्तर चालते. रेणूच्या बाबतीत मात्र कोणती उत्तरे किती वेळा सापडली यालाच अर्थ असतो, आणि तेथे हा कल नमुन्याला वाकवतो. हा मुद्दा पुढे अधिक गंभीर रूपात येणार आहे.

मँडेल, कुट्सियास आणि कोर्टेमे यांनी २००९ मध्ये १२ अमिनो आम्लांच्या वळशांची पुनर्रचना एक अँगस्ट्रॉमपेक्षा कमी मध्यक त्रुटीने करून दाखविली. हे यश निर्विवाद आहे. मात्र त्याचे श्रेय वाटताना सावधगिरी हवी. भूमितीने शक्य असलेले वळसे भराभर पुरवले; त्यांतील खरा कोणता हे निवडण्याचे काम रोझेटा या प्रणालीतील ऊर्जा-फलनाने केले. दोहोंतील एक काढून घेतले असते तर दुसऱ्याचा फारसा उपयोग नव्हता.

मार्ग, खिंड आणि वाहतूक

आता साम्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. येथे प्रस्तुत लेखकाचे आक्षेप आहेत.

सहा सांध्यांपर्यंत विन्यास अवकाश जेमतेम हाताळता येतो. २०० सांध्यांना तो कागदावर काय, संगणकातही पूर्ण मांडता येत नाही. प्रत्येक कोनाला केवळ तीन स्थिती दिल्या तरी एकूण विन्यासांची संख्या ९६ अंकी होते. सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ मध्ये दाखविलेला पेच तो हाच. सर्व स्थिती चाचपून प्रथिन आपली घडी शोधत असेल तर विश्वाचे वय अपुरे पडेल, आणि प्रत्यक्षात कित्येक प्रथिनांची घडी सेकंदाच्या अंशात पडते.

यंत्रमानवशास्त्रातील याच संकटावर कावराकी, श्वेस्टका, लातोंब व ओव्हरमार्स यांनी १९९६ मध्ये उतारा काढला. सगळा अवकाश मांडू नका. त्यात यादृच्छिक बिंदू टाका, निषिद्ध असतील ते फेकून द्या, उरलेल्यांपैकी शेजाऱ्यांना सरळ वाटेने जोडता येते का पाहा. असे एक मार्गजाल तयार होते, आणि मग त्यातून वाट शोधणे हे रस्त्यांच्या नकाशावर गाव शोधण्याइतके सोपे होते. १९९९ मध्ये सिंग, लातोंब आणि ब्रुटलॅग यांनी ही रीत औषधी रेणू व प्रथिन यांच्या बंधनाला लावली. लहान रेणू म्हणजे यंत्रमानव, प्रथिन म्हणजे अडथळ्यांची खोली, आणि वाटेवरच्या चढ-उतारांना ऊर्जेचे वजन. ग्वांग साँग आणि नॅन्सी अमाटो यांनी २००१ मध्ये ती प्रथिनांच्या घडीला लावली. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या त्यांच्या एका निबंधात कागदाच्या घड्या आणि प्रथिनाची घडी हे दोन प्रश्न एकत्र सोडविलेले आहेत.

कागदाच्या घड्यांशी घातलेली ही जोड सूचक आहे. कागदाची होडी करणाऱ्याला होडी कशी दिसते हे आधीच ठाऊक असते. साँग व अमाटो यांच्या पद्धतीतही अंतिम घडी आधी ठाऊक असावी लागते. बिंदू त्या घडीच्या आसपास दाट आणि दूरवर विरळ टाकले जातात, त्यासाठी ज्ञात रचनेतील कोन थोडेथोडे ढळवले जातात. मग त्या जाळ्यातून निघणारी घडीची वाट ही निसर्गाची वाट आहे, की आपण ज्या रीतीने बिंदू पेरले त्या रीतीची सावली आहे? हा प्रश्न टाळता येत नाही. पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे जे सर्वांत बळकट आहे ते येथे नोंदविले पाहिजे. प्रथिन जी आणि प्रथिन एल यांची घडी दिसायला बरीच सारखी, परंतु प्रयोगांनुसार एकात दुसरी केशपिन आधी बनते आणि दुसऱ्यात पहिली. २००३ मध्ये अमाटो यांच्या गटाने मार्गजालातून हा फरक काढून दाखविला. केवळ अंतिम आकाराची सावली असती तर इतक्या सारख्या दोन आकारांतून दोन वेगळे क्रम निघणे अवघड होते. तेव्हा पेरणीचा आक्षेप पद्धतीला निकालात काढत नाही. तिच्या उत्तरातून घडण्याचा क्रम वाचता येतो, गती वाचता येत नाही, एवढी मर्यादा मात्र तो घालतो.

खरी अडचण याहून खोल आहे. यंत्रमानवाला एक मार्ग हवा असतो. तो सापडला की काम संपले. यंत्रमानव त्या मार्गाने जाईल, कारण त्याला तसे सांगितले जाईल. रेणूला कोणी काही सांगत नाही. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो हेलकावत असतो, आणि एका परीक्षानळीत असे अब्जावधी रेणू अब्जावधी वेगवेगळ्या वाटांनी जात असतात. सह्याद्रीत कोकणातून देशावर येण्याजोगी एक खिंड आहे हे कळणे म्हणजे त्या खिंडीतून दिवसाला किती माणसे येतात हे कळणे नव्हे. उंच पण ऐसपैस घाट आणि ठेंगणी पण एका माणसापुरती घळ यांत वाहतूक कोणीकडून जास्त होईल, हे केवळ उंचीवरून ठरत नाही. रेणूंच्या भाषेत हा ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांच्यातील सौदा आहे. सर्वांत कमी वजनाची वाट शोधणारे मार्गजाल उंची मोजते आणि रुंदी विसरते.

यातच मार्गजालाचा एक जुना, यंत्रमानवशास्त्रालाही छळणारा दोष मिसळतो. यादृच्छिक बिंदू ऐसपैस जागी भरपूर पडतात आणि अरुंद जागी क्वचित पडतात. अरुंद फट हीच जर एकमेव वाट असेल तर जाळे तुटकच राहते. यंत्रमानवाच्या खोलीत अशा फटी अपवादाने असतात. रेणूच्या बाबतीत दोन स्थिर अवस्थांमधील संक्रमण नेमके अशाच फटीतून होते, आणि वेग तीच ठरविते.

ताठ दुव्यांचे गृहीतकही निर्दोष नाही. बंधकोन वास्तवात काही अंशांनी ढळत असतात. ते गोठवले की अणूंना अडचणीच्या जागी किंचित अंग चोरता येत नाही आणि ऊर्जेचे अडसर खऱ्याहून उंच दिसू लागतात. लांब साखळीत तर एका टोकाजवळचा अंशभराचा फरक दुसऱ्या टोकाला कित्येक अँगस्ट्रॉमांचा होतो.

या आक्षेपांना सर्वांत समर्थ उत्तर यंत्रमानवशास्त्राच्या गोटातूनच आले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अपायदिन, ब्रुटलॅग, लातोंब व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मार्गजालाच्या प्रत्येक दुव्याला वजनाऐवजी संक्रमणाची संभाव्यता दिली. तेव्हा जाळ्यातून एक वाट निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळ्या वाटा एकाच वेळी मोजल्या जातात. एखाद्या अर्धवट घडीपासून रेणू पूर्ण घडीकडे आधी पोहोचेल की उलगडलेल्या अवस्थेकडे, याची शक्यता एका रेषीय समीकरण-संचातून सर्व बिंदूंसाठी एकदम काढता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण परंपरेतील सर्वांत मोलाचा निबंध हाच, आणि तो मोलाचा ठरतो तो 'मार्ग' ही कल्पना सोडून दिल्यामुळे. त्याची उणीव एवढीच की, त्यातील पावलांना घड्याळ नाही. पुढे भौतिक-रसायनशास्त्रज्ञांनी मार्कोव्ह अवस्था-प्रतिमाने उभी केली. त्यांतही बिंदू, दुवे आणि संक्रमणाच्या संभाव्यताच आहेत. फरक इतका की बिंदू यादृच्छिक पेरणीतून न येता रेण्वीय गतिकीच्या सदृशीकरणातून येतात आणि म्हणून त्यांना काळाचे माप असते.

'रेण्वीय गतिकी फार मंद आहे' हा या पद्धतींच्या समर्थनातील पहिला युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. दोन फेम्टोसेकंदांचे एक पाऊल धरल्यास एका मिलिसेकंदासाठी ५०० अब्ज पावले टाकावी लागतात. परंतु डी. ई. शॉ यांच्या संस्थेने ॲंटन नावाचा खास संगणक बांधून २०१० मध्ये एका लहान प्रथिनाचे एक मिलिसेकंदाचे सदृशीकरण प्रसिद्ध केले, आणि २०११ मध्ये जलद घडी पडणाऱ्या १२ प्रथिनांचे. मंदपणाचा आधार अशा प्रकारे निदान लहान प्रथिनांपुरता ढासळला.

साखळी तोडल्यानंतर

२०२१ मध्ये अल्फाफोल्डची दुसरी आवृत्ती तपशिलासह प्रसिद्ध झाली, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील लक्षणीय गोष्ट ही की, अल्फाफोल्डने साखळी चक्क तोडली. त्याच्या रचना-विभागात प्रत्येक अमिनो आम्ल हा अवकाशात सुटा तरंगणारा ताठ तुकडा मानला आहे. निर्माते त्याला अमिनो आम्लांचा वायू म्हणतात. तुकडे हवे तसे हलतात, आणि शेजाऱ्यांमधील बंध जुळला नाही तर दंड बसतो. मुख्य साखळीचे पीळकोन येथे चालक राहत नाहीत, ते केवळ परिणाम म्हणून उरतात. टोकाला कित्येक अँगस्ट्रॉमांचा फरक पाडणारा तो तरफेचा उपद्रव यामुळे आपोआप टळतो. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर तुकडेही गेले, सुटे अणूच उरले.

म्हणून यंत्रमानवाचा हात अडगळीत गेला असे समजणे घाईचे होईल. अल्फाफोल्ड मुख्यत्वे स्थिर रचना सांगते. एका रचनेतून दुसरीकडे रेणू कसा जातो आणि किती वेळात, हा प्रश्न तिने सोडविलेला नाही. शिवाय लहान औषधी रेणू प्रथिनात बसविण्यासाठी २०२२ मध्ये पुढे आलेल्या डिफडॉक या पद्धतीत रेणूचे सरकणे, फिरणे आणि त्याचे पीळकोन हेच निर्देशक घेतलेले आहेत. सिंग, लातोंब व ब्रुटलॅग यांच्या १९९९ मधील यंत्रमानवाचाच हा विन्यास अवकाश होय, फक्त त्यात वाट शोधण्याचे काम आता शिकलेले जाळे करते.

या नव्या पद्धतींची परीक्षा २०२३ मध्ये पोझबस्टर्स या चाचणी-संचाने घेतली, तेव्हा अंतराच्या मापात उत्तीर्ण झालेल्या अनेक रचना भौतिक दृष्ट्या अशक्य निघाल्या. तेथील तपासण्यांत एक अशी आहे : न जोडलेले अणू किमान अंतराच्या आत तर शिरलेले नाहीत? मद्रासमध्ये फाय आणि साय फिरवत नेताना प्रत्येक स्थितीला विचारलेला प्रश्न तोच होता.